कावळा शिवेपर्यंत

“जनाची न्हाय तं मनाची तरी ठेव रे! आज आयेचं दहावं हाय, आनि ह्यो सकालपासून शालेचं तुनतुनं वाजवतंय. सोता शाला सोरून बसलास, आता आमाला शाला शिकवतंस?”

परेश अंगणात उभा राहून ओरडत होता. ट्रेलर चालवून चालवून त्याचा आवाजच तसा झाला होता. घरात बोलला तरी वाटायचं, हायवेवर कुणाकडे तरी साइड मागतोय. पण समोर त्याचाच पोरगा होता, प्रज्योत. सतरा वर्षांचा, आणि गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं.

“शाला मी सोरली पप्पा, कल्पीनं न्हाय सोरली. काल संध्याकाली सर आलते तवा तुमीच बोललाव ना, ‘समदी पोरा पाठवतंय सर, काय टेन्शन घेव नुको’? चा पिताना बोललाव. चाबरोबर शब्दबी गिललाव काय?”

“सर दारात आल्यावर काय बोलनार? न्हाय बोलनार?”

“मंग न्हाय बोलायचं होतं!”

दारात कल्पिता उभी होती, शाळेच्या ड्रेसमध्ये. वेणी एकच घातलेली, दुसरी बाजू मोकळी. आई आतून ओरडली, “कल्पे, तो ड्रेस कार आधी. सुतक सुटलं न्हाय आनि निंगाली मास्तरीन बनायला. पिंडाचा भात कोन घेनार?”

प्रज्योतचं टाळकं सरकलं ते या भातावरून. आज शाळेत पडताळणी होती. वरची माणसं येणार, वर्गावर्गात फिरणार आणि डोकी मोजणार. पटावर जेवढी नावं, तेवढी पोरं बाकांवर दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर नववी-दहावीचे वर्ग बंद, पोरं पेणच्या शाळेत. पेणला सकाळची एकच एसटी, तीही मनात आलं तर येणार. मुलगे जातात कुणाच्या तरी बाइकवर लटकून. पोरींचं काय होतं ते बघायला लांब जायला नको, खाडीपलीकडच्या गावात जायचं. तिथले वर्ग गेल्या साली बंद झाले. तिथल्या पोरी आता कोळंबी सोलायच्या शेडमध्ये बसतात, बर्फाच्या पाण्यात हात घालून. कल्पिता नववीत होती.

“सकालच्या सकाल मोजून जातील ते,” प्रज्योत बोलला. “पोरांना आधी शालेत बसवा. डोकी मोजून झाली की मी सोता समद्यांना खारीवर आनतंय. पिंड थोरं उशिरा ठेवा, काय बिघरतं?”

“आयेचा पिंड तुज्या शालेच्या टायमावर ठेवायचा?” परेश हसला, पण ते हसू वाईट होतं. “अर्धा गाव भावकी हाय आपली. पोरा न्हाय दिसली तं लोक तोंडात शेन घालतील. एवरा कलवला हाय तं तूच जा ना. तुझं नाव हाय म्हनं अजून पटावर. जा, बस जाऊन बाकावर!”

“जातंय!” प्रज्योत बोलला. “बसतंय बाकावर!”

आणि चपला पायात सरकवून निघाला. मागे वळून बघितलं तेव्हा आईने कल्पिताचं मनगट धरलं होतं.

रस्ता बांधावरून जातो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. जाताना त्याला राग बापाचा होता, पण थोडा चालल्यावर तो सगळ्या गावाचा झाला. आजी गेली तेव्हापासून भावकीतलं एक पोरगं शाळेत गेलं नव्हतं. सुतकात शाळेत जायचं नाही असं कुठल्या पोथीत लिहिलंय ते भटालाही सांगता आलं नसतं. पण पोरांना सोयीचं, आणि आयांना पाव्हण्यांची भांडी घासायला हात हवेत म्हणून त्यांनाही सोयीचं. सुतक नसलं तर हळद असते. रात्रभर डीजे, सकाळी वर्ग ओस. हळद नसली तर गावदेवीची पालखी, ती नसली तर कुणीतरी नवा डंपर घेतलेला असतो आणि त्याच्या पूजेचं जेवण असतं. एक दिवस शाळेत न गेल्याने कुणाचं काय बिघडतं, असं सगळेच बोलतात.

काय बिघडतं ते प्रज्योतला विचारायला पाहिजे होतं. आठवीत तो बापाबरोबर ट्रेलरवर बसून गुजरातपर्यंत गेला. परत आला तर फळ्यावर आकड्यांच्या जागी अक्षरं आली होती. सर काहीतरी बोलले आणि सगळा वर्ग हसला. तो जोकसुद्धा हा नसताना सुरू झाला होता. विचारायची लाज वाटली म्हणून हा पण हसला. मग पुढची दांडी सोपी गेली. गेलं तरी कळत नाही, न गेलं तरी कळत नाही, मग जायचं कशाला? दहावीत एके दिवशी सुजित सरांनी विचारलं, “कळलं का?” हा बोलला, “कळलं.” सर बोलले, “मग ये, सोडवून दाखव.” याने दप्तर खिडकीतून बाहेर फेकलं आणि त्याच खिडकीतून स्वतःही उडी मारली. दप्तर आणायला आजी गेली होती. त्यानंतर तो धर्माच्या डंपरवर क्लीनर म्हणून लागला आणि शाळेच्या बाजूला फिरकला नाही.

शाळेच्या फाटकात सुजित सर उभे होते. माणगावकडचा माणूस, गावात खोली घेऊन एकटा राहायचा. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण पायात आज दोन वेगळे मोजे. एवढी घाई झाली होती त्यांना. प्रज्योतच्या मागे कुणी येतंय का ते त्यांनी वाकून बघितलं.

“एकटाच?”

“पप्पा न्हाय सोडत कुणाला. खाडीवर गेलेत समदे.”

सर बांधाकडे बघत राहिले.

“माजं नाव हाय ना अजून?” प्रज्योतने विचारलं.

सरांनी मान खाली घातली. “आहे.”

“मंग मला मोजा.”

नववी-दहावीची पोरं त्या दिवशी एकाच वर्गात बसवली होती, तरी वर्ग भरल्यासारखा वाटत नव्हता. कातकरवाडीतली पोरं तेवढी आली होती. एरवी गाव ज्यांना बोलायचं, ‘ती काय शिकनार’, तीच आज तेल लावून, केस चापून पुढच्या बाकांवर बसली होती. प्रज्योत मागे जाऊन बसला. बाक लहान झाला होता, गुडघे मावेनात. हाताच्या नखात ग्रीस होतं ते त्याने बाकाखाली लपवलं. फळ्यावर बघितलं तर तोच धडा, जो तो गेला तेव्हा चालू होता. वरती सरांच्या सुंदर अक्षरात मथळा आणि खाली पहिलंच उदाहरण. सर तरी काय करणार? सोमवारी अर्धी पोरं, मंगळवारी दुसरी अर्धी. रोज कुणीतरी विचारायचं, “सर, काल काय झालं?” आणि सर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. रोज येणारी पोरं जांभया द्यायची, न येणारी अर्ध्यात निघून जायची. वर्षभर तो माणूस एकाच पायरीवर चढत-उतरत होता.

गाडी आली. एक मॅडम उतरल्या, सोबत टॅबलेट धरलेला माणूस. मॅडम वाईट नव्हत्या. आल्या आल्या पोरांना “बसा, बसा” बोलल्या. मग बाकांवरून नजर फिरवली.

“सर, बाकीची मुलं?”

“मॅडम, दहाव्याला गेलीत.”

“दहावीला? दहावीचा वर्ग तर येतानाच बघितला, तोही रिकामाच आहे.”

“दहावीला नाही मॅडम. दहाव्याला. गावात एक आजी वारल्यात, त्यांचं आज दहावं आहे. पोरं खाडीवर आहेत. येतीलच.”

टॅबलेटवाला हसला, मग मॅडमकडे बघून गप्प झाला. मॅडमनी हजेरी मागवून घेतली. पानं उलटत उलटत त्या मागच्या बाकापर्यंत आल्या आणि प्रज्योतजवळ थांबल्या. त्याच्या ओठावरची मिसरूड त्यांनी बघितली असणार.

“तू दहावीत?”

“हो.”

“नाव?”

त्याने सांगितलं. त्यांनी हजेरीत बोट फिरवलं. “रोज येतोस की. छान. काल काय शिकवलं सरांनी?”

“काल मी नव्हतो.”

“इथे तर हजर आहेस.”

प्रज्योतने सरांकडे बघितलं. सर फळ्याकडे बघत होते. वर्गातली सगळी पोरं मागे वळून त्याच्याकडे बघत होती, अगदी त्या खिडकीच्या दिवशी बघत होती तशी. गप्प बसला असता तर निभलं असतं. ‘विसरलो’ बोलला असता तरी निभलं असतं. पण कुणी उभं करून विचारलं की त्याच्या कानशिलात गरम व्हायचंच.

“परवा काय शिकवलं मग?” मॅडमनी विचारलं.

“परवा पण नव्हतो! कवाच नसतो मी! डंपरवर असतो मी, बस? झालं समाधान?”

हे बोलून झालं आणि तेव्हा त्याला कळलं आपण काय बोललो.

मॅडमनी हजेरी मिटली नाही. उलट टॅबलेटवाल्याला जवळ बोलावून ते पान दाखवलं, आणि त्याने त्याचा फोटो काढला. मग त्या हळू आवाजात सरांना बोलल्या, “सर, असं किती जणांचं केलंय?”

सर बोलले, “नाव कमी केलं असतं तर पट कमी झाला असता, मॅडम. मला वाटायचं, येईल परत. सगळे येतील परत.”

“आणि तोवर हजर?”

गावात कुणाला कधी शाळेतून चिठ्ठी आली नव्हती, की तुमचं पोरगं येत नाही. कशी येणार? शाळेत ते रोज हजरच होतं. आयाबापांना वाटायचं, काही झालं असतं तर सर बोलले असते. सरांना वाटायचं, बोललो तर चिडून नावच काढून नेतील. या दोन वाटण्यांच्या मधून पोरं खाडीवर निघून गेली होती.

“आमचं बाकीचं कागदाचं काम होईपर्यंत आम्ही इथे आहोत,” मॅडम बोलल्या. “तेवढ्यात जी मुलं येतील ती मोजू. खुलासा तुम्हाला द्यावा लागेल, तो वेगळा.”

मॅडम ऑफिसात गेल्या. प्रज्योत बाकातून उठला. सरांसमोर जाऊन उभा राहिला.

“जा,” सर बोलले. “पळत जा. पोरांना घेऊन ये. तेवढं कर.”

तो बांधावरून असा पळाला की एक चप्पल मिठागरात गेली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खाडीवर भावकी जमली होती. बापये डोकी तासून बसलेले, त्यांची पोरं पण तासलेली, उन्हात सगळ्यांची टाळकी चमकत होती. बायका एका बाजूला, कल्पिता त्यांच्यात. तिच्या अंगात आता घरचा ड्रेस होता. मधल्या मोकळ्या जागेत केळीच्या पानावर पिंड, बाजूला आजीला आवडायची म्हणून मशेरीची पुडी आणि चहाचा कप. आणि पलीकडे तिवराच्या झाडावर कावळेच कावळे. बसलेले, मान वाकडी करून बघतायत, पण खाली यायचं नाव नाही.

“न्हाय शिवत कवाधरनं,” कुणीतरी त्याला सांगितलं.

प्रज्योत सरळ पोरांकडे गेला. “चला रे! उठा, शालेत चला, माणसं आलीत!”

दोन-तीन पोरं उठलीही. तेवढ्यात सदाआजा ओरडला. भावकीतला सगळ्यात म्हातारा तो, त्याचा शब्द खाली पडत नसे. “खाली बसा रे! कावला शिवल्याबिगार कोनी हलायचं न्हाय. मयताची वाट अरवताव?”

पोरं खाली बसली.

“आजा, शाला बंद होल!” प्रज्योत बोलला.

“शाला आज बंद तं उद्या उघरल. ही बाय परत येनार हाय का?”

“न्हाय उघरनार! तेच तं सांगतंय! ती माणसं निंगाली की झालं. पोरांना तेवरी सोडा. तुमी बसा ना कावल्याची वाट बघत.”

“परेश, तुझा पोरगा बघ. आजीच्या दहाव्याला घाई झालीय त्याला. डंपर चुकंल म्हनून न्हाय ना रे?” कुणीतरी मागून टोमणा मारला आणि चार माणसं हसली.

प्रज्योत भटाकडे वळला. “गवताचा कावला करतात ना? दर्भाचा? तो लावा आनि मोकले करा समद्यांना!”

भट काही बोलायच्या आत परेश उठला. नुकतंच तासलेलं डोकं, कानामागे रक्ताचा एक थेंब. तो चालत आला आणि सगळ्यांसमोर पोराच्या कानाखाली वाजवली.

“माज्या आयेला गवताचा कावला? तिनं वाटेल ते करून आमाला वारवलं, मीठ उचलून उचलून तिच्या पायाची कातरी गेलती, आनि तिला गवताचा कावला?”

प्रज्योतने हात उगारला नाही. कल्पिता बघत होती म्हणून असेल. तो पोरांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि रस्त्याकडे बघत राहिला. इथून शाळेचं छप्पर दिसत होतं, गाडी दिसत नव्हती.

आता सगळे आजीच्या मनात काय राहिलंय ते शोधायला लागले. आत्या पुढे होऊन रडत बोलली, “आये, तुजी बांगडी मी घेतलीय त्यात अरकलीस काय? देतंय ती परत, परेशच्या बायकोला देतंय!” कावळे जाग्यावर. सदाआजा आजीचं नाव घेऊन बोलला, “ठमे, घरावर यंदा स्लॅब टाकनार हाय परेश.” कावळे जाग्यावर. परेशने हात जोडले, “आये, ह्या प्रज्योतला वलनावर आनंन.” त्यावर एक कावळा उडाला, पण दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. त्याही परिस्थितीत दोन पोरं फिस्सकन हसली.

मग प्रज्योतची आई उठली. सकाळपासून ती कामात होती, आता पहिल्यांदा हात मोकळे झाले होते तिचे. ती पिंडाजवळ गेली आणि एकदम खाली बसली.

“कल्पीत अरकलाय त्यांचा जीव,” ती बोलली. “मना म्हाईत हाय. रोज सांजच्याला तिला ओटीवर वाचाय लावायच्या. गोलीची पट्टी आनून द्यायच्या, वाच बोलायच्या. मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला तरी वाच. काय कलायचं न्हाय त्यांना, नुसत्या ऐकत बसायच्या. मना बोलल्या व्हत्या, पोरीला दहावी कर. मी काय बोलले न्हाय त्यांना. कामात व्हते.”

आणि ती रडायला लागली, मोठ्याने, अख्ख्या सुतकात रडली नव्हती तशी. बायका धावल्या. आत्या धावली, भट उठला, परेश तिच्याजवळ जाऊन बसला. त्याने खाडीकडे तोंड करून हात जोडले आणि घसा फाडून बोलला, “आये, कल्पीला दहावी करंन! शिकवंन तिला! भावकीसमोर शब्द देतंय!”

बायकांनी आईला उचलून बाजूला नेलं, सगळी माणसं तिच्या मागे सरकली. पिंड एकटा राहिला. आणि कावळा खाली आला. आधी एक, मग एकदम चार-पाच.

“शिवला! शिवला!” अख्खी खाडी ओरडली. बापये एकमेकांना मिठ्या मारायला लागले. सदाआजाने डोळे पुसले. “बघितलंव? पोरीचं शिक्शन. ठमीचा जीव त्यात व्हता.”

प्रज्योतने बघितलं होतं. गर्दी बाजूला झाली म्हणून कावळे आले, एवढंच बघितलं होतं त्याने. पण ते सांगायला तो थांबला नाही. “चला रे!” त्याने आरोळी मारली आणि या वेळी कुणी अडवलं नाही. कल्पिता सगळ्यांच्या पुढे निघाली. मागे तासलेल्या डोक्यांची पोरं, कुणाचं धोतर सुटलेलं, कुणाच्या कपाळाला भस्म. बांधावरून ही वरात पळत सुटली.

गाडी समोरूनच आली. बांधाच्या मधोमध.

प्रज्योत रस्त्यात आडवा उभा राहिला, दोन्ही हात पसरून. गाडी थांबली. मॅडमनी काच खाली केली.

“ही बघा! समदी हायत! मोजा! हितंच मोजा!”

मॅडमनी खरंच बघितलं. त्या पोरांना लागलेली धाप, ते अनवाणी पाय. त्यांचा चेहरा पडला, खोटं कशाला बोला.

“बाळ, माहिती भरून पाठवली आम्ही. शाळेतूनच पाठवावी लागते, फोटोसकट. एकदा गेली की आम्हालाही बदलता येत नाही.”

“आता तं गेली ना? आता तं पाठवलीव! परत पाठवा!”

“सरांना सांगा अर्ज करायला.”

“अर्ज केल्यावर शाला ऱ्हाते?”

मॅडमनी काच वर केली. ड्रायव्हरने हळूच हॉर्न दिला. कल्पितानेच प्रज्योतचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं आणि गाडी गेली.

पोरं तरीही शाळेत गेली. परत फिरा असं कुणी बोललं नाही म्हणून गेली. वर्गात जाऊन आपापल्या बाकांवर बसली, आणि कित्येक महिन्यांनी तो वर्ग असा भरला की पुढच्या बाकावर तिघांना बसावं लागलं. सुजित सर खुर्चीत बसले होते. समोर कोरा कागद, वर नुसतं ‘खुलासा’ एवढंच लिहिलेलं. त्यांनी मान वर करून वर्गाकडे बघितलं.

मग उठले, खडू घेतला. “कुठपर्यंत आलो होतो आपण?”

भावकीतल्या कुणाला माहीत नव्हतं. कातकरवाडीतली एक पोरगी बोलली, “पहिल्या उदाहरणापर्यंत, सर.”

सरांनी फळ्याकडे तोंड केलं. खडू टेकवला आणि तसाच धरून उभे राहिले. लिहिलं काहीच नाही. पाठ तेवढी दिसत होती.

प्रज्योत दारातच थांबला होता. “सर,” तो बोलला, “मी तसं बोलायला नको होतं.”

“खरं बोललास तू,” सर न वळता बोलले. “मी ते वर्षभर बोललो नाही. आता कागदावर काय लिहू, ते तूच सांग.”

“तुमाला काय करतील?”

“अतिरिक्त शिक्षक ठरवतील. पाठवतील कुठेतरी. माझं सोड.” ते वळले. “या पोरींचं बघा काहीतरी.”

तेवढ्यात परेश आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड. “सर, जेवायला चला! कावला शिवला. कसा शिवला माहीत हाय काय? मी आयेला शब्द दिला, कल्पीला दहावी करंन. लगेच शिवला, इचारा कोनालाबी!”

“वर्ग गेले, परेशभाऊ,” सर बोलले.

“गेले म्हंजे?”

“नववी-दहावी बंद. आता पेणला पाठवावं लागेल तिला.”

परेशच्या तोंडावरचा उजेड जाग्यावरच राहिला, फक्त त्याच्या मागचा माणूस कुठेतरी निघून गेला. त्याने वर्गात बघितलं, कल्पिता तिसऱ्या बाकावर बसली होती. “पेनला?” तो बोलला. “एसटीनं? एकली पोर?” मग थोड्या वेळाने, “बगू. आधी तेरावं होऊ दे.” आणखी थोड्या वेळाने, “पोरा भुकेली हायत. जेवायला तं चला, सर.”

पोरं उठली. जेवण होतं, ती निघाली. वर्ग जसा भरला तसा रिकामा झाला. बापही गेला, पाहुणे खोळंबले होते. कल्पिता तेवढी बसून राहिली. तिच्याकडे ना दप्तर ना वही, दोन्ही हात बाकावर पालथे.

प्रज्योतचा फोन वाजला. धर्मा. डंपर नाक्यावर लावून उभा होता, आजच्या खेपेला क्लीनर नाही म्हणून शिव्या देत होता. प्रज्योतने ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला.

“दादा,” कल्पिता बोलली.

“काय?”

“पप्पांनी आजीला शब्द दिलाय ना? समद्यांसमोर?”

“दिलाय.”

“मंग उद्या मी कुठं जायाचं?”

फळ्यावर ते पहिलं उदाहरण अजून तसंच होतं. सर पाठमोरे. नाक्यावरून हॉर्न ऐकू आला, लांब, मग पुन्हा.

“सांग ना, दादा.”

“कल्पे,” तो बोलला, “मना आता निंगायला पायजे.”